पाचाचं तोंड, रुपयाची पाठ

त्या एका नाण्यात भिंगरावांना काय सुटणार होतं, ते आधी मांडतो. तसलंच एक नाणं, त्याहून झिजलेलं, दोन वर्षांपूर्वी लिलावात तीन लाख ऐंशी हजारांना गेलं होतं. लिलाववाल्यांचे दहा टक्के, म्हणजे अडतीस हजार, वजा करा. बहिणीच्या हातावर ठेवलेले तीन हजार वजा करा. राहिले तीन लाख एकोणचाळीस हजार. हे झालं रोख. शिवाय लिलावाच्या पुस्तिकेत 'प्रथम कुणी ओळखलं' ह्या रकान्यात नाव छापून आलं असतं. त्याची किंमत कुणी लावत नाही, पण भिंगरावांनी ती मनातल्या मनात लावलेली होती. आणि तिसरी मिळकत अशी, की मेलेला मेहुणा मूर्ख होता, तो मूर्खच राहिला असता. ही रक्कम सगळ्यांत जुनी. तिच्यावर बहिणीच्या लग्नापासूनचं, सव्वीस वर्षांचं व्याज चढलेलं होतं.

मी घड्याळं दुरुस्त करतो. दुकानाच्या मागे एक खोली आहे. तिथे दर रविवारी सकाळी पाच-सहा माणसं जमतात आणि नाण्यांतल्या चुका शोधतात. नीट पाडलेलं नाणं पुढे केलं तर ह्या मंडळींची तोंडं वाकडी होतात. टाकसाळीत साचा हलला, चकती सरकली, ठसा अर्धाच उमटला, की ह्यांना आनंदाच्या उकळ्या फुटतात. चुकीला इतका मान देणारी दुसरी जमात मी पाहिलेली नाही. फक्त ती चूक टाकसाळीची हवी. स्वतःची चूक ह्या खोलीत आजवर कुणी केलेली नाही.

खोली माझी, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा तराजू माझा, आणि नोंदवहीही माझ्याच हातात. चहा वर्गणीतून. मला कुणी 'किती?' विचारलं, की माझं तोंड मला न विचारताच आकडा सांगून मोकळं होतं. धंद्याची सवय, दुसरं काही नाही.

भिंगरावांनी तेहेतीस वर्षं बँकेत नाण्यांच्या खिडकीत काढली. खरं नाव निवृत्तीच्या कागदांवर असेल. आमच्यात ते भिंगराव, कारण काळ्या दोरीतलं भिंग गळ्यातून कधी निघत नाही. बायको म्हणते, हे ताटातलं मीठसुद्धा तपासून घेतात. नाणं हातात आलं की ते आधी काचेवर टाकून वाजवून बघतात, मग भिंगाखाली धरतात, आणि दहा मोजायच्या आत निकाल देतात. निकाल झाला की मी वहीत नोंद करायची: वजन, व्यास, ओळखीची खूण, मालकाचं नाव-पत्ता, आणि खाली भिंगरावांची सही. अस्सल असेल तर निळी शाई, बनावट असेल तर लाल. वर्षातून एकदा सगळ्या लाल नोंदी छापून गावोगावच्या लिलाववाल्यांना पाठवायच्या, म्हणजे इथे पकडलेला माल तिथे खपू नये. हा नियम भिंगरावांचाच. त्याच्या पुढचाही त्यांचाच: लालचं निळं होत नाही. चौदा वर्षांत दोनशे सतरा लाल नोंदी, एकही बदललेली नाही.

"एक बदलली, तर बाकीच्या दोनशे सोळांना कोण विचारतो?" असं ते म्हणायचे, आणि ते खरंही होतं.

त्यांच्या धाकट्या बहिणीचा नवरा बसमध्ये कंडक्टर. भिंगराव त्याला घरातही कंडक्टरच म्हणत. बारा वर्षांपूर्वी तो एका रविवारी आमच्या खोलीत आला होता. बोटांना दिवसाला हजार नाणी लागतात, म्हणून वेगळं काही लागलं की बाजूला काढायची त्याला सवय. तशी सात नाणी रुमालातून घेऊन आला होता. सगळ्यांवरचे आकडे दुहेरी दिसत होते. भिंगरावांनी सातही दहा मोजायच्या आत टेबलावर आपटली.

"साचा दुहेरी नाही, ठसा बसताना यंत्र थरथरलंय. असली पोतंभर मिळतात. कंडक्टर, तुमच्या बसमध्ये बसून लिहिलं ना, तर माझंही अक्षर असंच दुहेरी येईल!"

सगळे हसले. मीही हसलो, शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघून. निकाल मात्र बरोबर होता. त्या सात नाण्यांत काही नव्हतं. कंडक्टरनं रुमालाची गाठ मारली, 'बरं दादा' म्हणाला, आणि पुन्हा मागच्या खोलीत पाय ठेवला नाही. पुढे घड्याळाचा सेल बदलायला मात्र माझ्याकडेच यायचा. सेल बसवेपर्यंत काउंटरवर कोपर टेकून म्हणायचा, "अजून शोधतोय. एक तरी सापडेलच की." मग मोजून सुट्टे पैसे काचेवर ठेवायचा आणि जायचा. इतकी वर्षं मला त्याला एकदाही उरलेले पैसे परत द्यावे लागले नाहीत.

गेल्या वर्षी छातीत कळ येऊन तो गेला. त्यानंतर आठ महिन्यांनी त्याची बायको बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा घेऊन रविवारी आमच्याकडे आली. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणतो. भिंगराव तिला ठमी म्हणतात.

"काय ठमे, आज इकडे कुठे वाट चुकलीस?"

"चुकले नाही, विचारत आले. दादा, हा ह्यांचा डबा. वरचं सगळं तुला माहीत आहे, तू हसला होतास ते. हे एक मात्र वेगळं ठेवलं होतं."

तिकिटाच्या कागदात गुंडाळलेलं एक नाणं. तिकिटाच्या मागे पेन्सिलीनं तारीख, बसचा नंबर, आणि त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं: 'दादांना दाखवायचं. आता काय म्हणतात बघू.'

"तारीख बघितलीस? मंगळवारची आहे. रविवारी इथे येणार होते. शर्टाला इस्त्रीसुद्धा करून ठेवली होती. शुक्रवारी सगळं..." वहिनी मग डब्याचं झाकण उगाचच नीट बसवत म्हणाल्या, "मला पैशांचं काही नाही रे. तू एकदा बघ. बारा वर्षं जेवताना मी ह्यांना म्हणत आले, सोडा आता तो नाद. काही होतं का ह्यात, एवढंच सांग."

नाणं मीही पाहिलं. पुढून पाचाचं. मागून एका रुपयाचं. रुपयाचं नाणं पाचापेक्षा लहान असतं, त्यामुळे मागचा ठसा मधोमध, भोवती रिकामा पट्टा, आणि ठसा संपतो तिथे केसासारखी एक गोल रेघ. अशी रेघ दोनच कारणांनी येते. काही कारागीर दोन नाणी कातून, डबीवर झाकण बसवावं तशी एकात एक बसवतात. जादूचे प्रयोग करणारे वापरतात तसलं. मग ती रेघ म्हणजे सांध. किंवा टाकसाळीत कुणीतरी पाचाच्या चकतीवर एका बाजूनं पाचाचा आणि दुसऱ्या बाजूनं चुकून रुपयाचा साचा लावतो, आणि लहान साच्याची कड मोठ्या चकतीवर उमटते. मग ती रेघ म्हणजे तीन लाख ऐंशी हजार.

भिंगरावांनी ते हातात घेतलं आणि वाजवलं नाही.

एवढं एकच मला खटकलं, पण पुरेसं खटकलं. जोडलेलं नाणं वाजत नाही, भद्द आवाज करतं. शंका असली की ते आधी वाजवतात, नसली तरी वाजवतात. त्या दिवशी थेट भिंगाखाली. मी मनात दहा मोजले. मग वीस. साठापर्यंत गेलो आणि मोजणं सोडलं. त्यांच्या चहावर साय धरली.

"ठमे, इकडे ये. ही गोल रेघ दिसते? ही सांध. दोन नाणी जोडलीत. काम सफाईदार आहे, पण बनावट आहे."

"म्हणजे ह्यांना कुणी फसवलं?"

"फसवायला कोण कशाला येतंय? बसमध्ये कुणीतरी खपवलं आणि कंडक्टरनं मारे जपून ठेवलं."

मी तोवर नाणं तराजूवर ठेवलं होतं. "आठ ग्रॅम नव्याण्णव," मी मोठ्यांदा वाचलं. पाचाचं जुनं जाड नाणं नऊ ग्रॅमचं. आतून कोरून, दुसरं बसवून, वजन इतकं जुळवणारा कारागीर मी तरी अजून पाहिलेला नाही. भिंगरावांनी माझ्याकडे पाहिलं.

"नकली बनवणारेही तराजू बाळगतात, घड्याळजी."

"हो, बाळगत असतील," मी म्हणालो.

ह्या तीन शब्दांपाशी मी पुष्कळदा परत जाऊन आलोय.

वहिनी म्हणाल्या, "मग ते तुमच्या वहीत लिहा. ह्यांच्या नावानं."

"कशाला? खोट्याची कसली नोंद! वही उगाच भरते."

"चूक तर चूक, दादा. पण नाव तरी येऊ दे वहीत. बारा वर्षं शोधलंय त्यांनी."

भिंगरावांना नोंद नको होती, ते तिथे फक्त मला कळलं. पण आमच्यात एक चित्रकलेचे निवृत्त मास्तर आहेत. त्यांना दुसऱ्याचा नियम पाळायला फार आवडतं. "अहो, नियम तुमचाच ना? बनावट सापडलं की लाल शाई. घरच्यांना सूट आहे म्हणून कुठे लिहिलंय?"

सगळे हसले. मग सुटका नव्हती. मी लाल पेन काढलं. दोनशे अठरावी नोंद. खूण: पाचाच्या पोटापासून कडेपर्यंत केसाएवढी भेग. मालक: कंडक्टर, आणि त्याचा पत्ता. निकाल: बनावट, जोडकाम. भिंगरावांनी सही केली, नेहमीपेक्षा बारीक.

वहिनी तिकीट तेवढं पिशवीत घालून, डबा तिथेच ठेवून निघाल्या. "ने तू हे सगळं. घरात नको मला."

"फुकट नको गं. हे घे, तीन हजार. त्याची आठवण म्हणून ठेवतो मी." भिंगरावांनी मोजून पाकीट दिलं. ज्या माणसानं बँकेत तेहेतीस वर्षांत कुणाला भोक पडलेली नोट बदलून दिली नाही, तो बनावट नाण्याचे तीन हजार देतोय, आणि पाचही माणसं 'भाऊ असावा तर असा' म्हणून माना हलवतायत. मीही हलवली.

तीन आठवड्यांनी भिंगराव एका दुपारी एकटेच दुकानात आले. घड्याळ चालू होतं, तरी पट्टा दाखवत बसले.

"घड्याळजी, यंदाच्या यादीत ती दोनशे अठरावी राहू दे. घरातली गोष्ट. धाकटीच्या घराचं नाव लाल शाईत छापून चार गावांत कशाला न्यायचं?"

"बरं," मी म्हणालो. बरं म्हणायला काही पडत नाही.

यादी मी दोनशे अठरा नोंदींचीच छापली आणि टपालात टाकली. का, ते सांगतो. त्यात माझं फार काही चांगलं दिसत नाही. खरं बोलायचं, ते त्या रविवारी बोलायचं होतं, तोंडानं, पाच माणसांत. पण त्याला खर्च होता. भिंगराव उठून गेले असते, त्यांच्यामागे मंडळी गेली असती, मंडळींची घड्याळंही गेली असती. टपालाला तिकिटापुरताच खर्च. मला वाटलं, कंडक्टरचं काम मी स्वस्तात करून टाकलं. कुठेतरी कुणीतरी ही यादी उघडेल, भिंगराव अडकतील, आणि मला तोंड उघडावं लागणार नाही.

तसंच झालं. तीन महिन्यांनी, रविवारी, लिलाववाल्या बाई आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या, हातात कुलपाची छोटी पेटी. मागोमाग वहिनी. बाईंनी यादीतल्या पत्त्यावर पत्र टाकून कंडक्टरकडे नाणं कधी आणि कुठून आलं ते विचारलं होतं. पत्र वाचून वहिनी ते तिकीट घेऊन स्वतःच आल्या होत्या. भिंगराव आपल्या खुर्चीत होते. दोघींना एका दारातून येताना बघून त्यांनी भिंग डोळ्याला लावलं आणि पुन्हा काढलं.

बाईंनी पेटी उघडून नाणं टेबलावर ठेवलं, शेजारी आमची यादी.

"हे तुम्ही माझ्याकडे विकायला पाठवलंत. मी तीन दिवस तपासलं. माझ्या मते अस्सल आहे. पण तुमच्याच यादीत हेच नाणं बनावट म्हणून आहे. तेच वजन, तीच भेग. सही तुमची, आणि विकणारेही तुम्हीच. मी कुठल्या तुम्हाला खरं मानू?"

मास्तरांना चहाचा ठसका लागला. भिंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. दारातून पुढच्या दुकानातली अकरा घड्याळं दिसतात. मी त्यांतलं सगळ्यांत लांबचं बघत राहिलो.

"सोपं आहे," बाई म्हणाल्या. "दोन ओळी लिहून द्या. पुन्हा तपासलं, आधी चूक झाली, नाणं अस्सल. मी आजच घेऊन जाते."

"म्हणजे खरं आहे?" वहिनींनी विचारलं. आवाज अगदी लहान होता. "दादा, खरं आहे ते?"

भिंगरावांनी भिंगाची काच रुमालानं पुसायला घेतली.

वहिनी पुढे आल्या. "मी भांडायला आलेली नाही रे. डबा तुला दिला तो दिला. त्याचे जे काय येतील ते तुझे, सगळे. मला त्यातलं काही नको. फक्त ह्या सगळ्यांसमोर एवढं म्हण, की ते बरोबर होते. नजर चुकली म्हण. कुणाचीही चुकते. मी एका शब्दानं पुढे काही विचारणार नाही."

असा सौदा मी माझ्या दुकानात तरी पाहिलेला नाही. चुकलो, कंडक्टर बरोबर होता. चार शब्द, आणि समोर तीन लाख एकोणचाळीस हजार. शब्दाला पंचाऐंशी हजारांच्या आसपास भाव पडत होता. चोर म्हणवून घ्यायचीही गरज नव्हती. चोरीचा तो हिशेब बहिणीनं आपल्या हातानं पुसून टाकला होता. फक्त चुकलेला माणूस म्हणवून घ्यायचं होतं. मला वाटलं, आता म्हणतील. मास्तरांनी तर कप खाली ठेवला, शाबासकी द्यायला हात मोकळा हवा म्हणून.

भिंगरावांनी वहीकडे पाहिलं. चौदा वर्षांची लाल पानं.

"मी दोनशे अठरा नोंदी केल्यात," ते म्हणाले. "त्यांतली एकही चुकलेली नाही."

वहिनींनी टेबलावरचं नाणं उचललं. "हे म्हणायचे, आधी वाजवून बघावं." आणि त्यांनी ते माझ्या काचेवर टाकलं.

ते वाजलं. स्वच्छ, लांब, फिरत फिरत. सहाही माणसांचे कान तयारीचे. ऐकू न येण्याची सोय कुणालाच नव्हती.

"जोडलेलं असं वाजतं का, दादा?"

भिंगरावांचे कान लाल झाले. त्यांनी नाण्यावर तळवा ठेवला. "चांगलं जोडलेलं वाजतं. वाद कशाला? कापून बघू. घड्याळजी, करवत काढा."

"कापलं तर ते संपलं," बाई म्हणाल्या. "अस्सल निघालं तरीही."

"माल माझा आहे."

"तुमचा आहे. मी थांबवू शकत नाही. पण मी बघायला थांबणार नाही." त्या पेटी घेऊन बाहेरच्या दुकानात गेल्या आणि भिंतीवरच्या घड्याळांकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

"दादा, अरे, ते एकच सापडलं होतं रे."

"सापडलं होतं की नव्हतं, तेच बघायचंय, ठमे."

मी नाणं चिमट्यात बसवलं, कातड्याच्या पट्टीत, ओरखडा पडू नये म्हणून. कापायचंच आहे त्याला ओरखड्याची काळजी! हात सवयीनं चालतात. दागिन्यांची करवत घेतली आणि म्हणालो, "भिंगराव, नक्की?" माझी सगळी मर्दुमकी एवढीच.

"तुम्हाला चालवता येते, की मी चालवू?"

मी चालवली. अर्ध्यावर पातं तुटलं, दुसरं लावलं. पाच मिनिटांत नाण्याचे दोन तुकडे झाले. कापलेली बाजू ब्रशनं पुसून मी ते भिंगरावांसमोर ठेवले. पुसताना माझ्या डोळ्याला माझं घड्याळाचं भिंग होतंच. ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच धातू. ना थर, ना पोकळी, ना रेघ. भिंगाचीही गरज नव्हती. खिडकीपाशी धरलं असतं तर शाळेतल्या पोरालाही दिसलं असतं.

भिंगरावांनी एक तुकडा उचलला. ह्या वेळी दहाही मोजले नाहीत.

"सांध आहे," ते म्हणाले. "फार बारीक आहे. नवख्या नजरेला दिसायची नाही."

मास्तरांनी कप पुन्हा उचलला. तो रिकामा होता, तरी पीत राहिले.

वहिनी माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही बघितलंत. तुम्हाला दिसली?"

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. त्या खोलीचं भाडं मीच मला देतो. मला तिथून कुणी काढू शकत नव्हतं. मला एक शब्द बोलायचा होता, 'नाही'. तोही फुकट.

"ह्यातलं मला काय कळणार, वहिनी," मी म्हणालो. "मी आपला घड्याळवाला."

पेन्सिलीनं लिहिलेलं ते तिकीट त्यांच्या हातात होतं. "बरं," त्या म्हणाल्या. कंडक्टर म्हणायचा, अगदी तसंच.

"वहीत शेरा लिहा," भिंगराव म्हणाले. "कापून खात्री केली."

मी लिहिला. लाल शाईत.

वहिनींनी पिशवीतून एक पाकीट काढलं. तेच पाकीट, इतक्या महिन्यांत उघडलेलंही नव्हतं. "तुझे तीन हजार, दादा. खोट्या मालाचे पैसे मी कसे ठेवू?"

"अगं, असू दे गं, ठमे. मी काय परत मागतोय?"

पण हात पुढे आलाच होता. आणि पाकीट हातात पडल्यावर अंगठ्यानं आपोआप नोटांची कड फिरवली, बँकेच्या खिडकीत फिरवायचे तशी. बरोबर होते.

आता बेरीज. भिंगरावांचे तीन हजार गेले, तीन हजार आले. तीन लाख एकोणचाळीस हजार त्यांच्या हातात कधी आलेच नव्हते, तर गेले तरी कसे म्हणायचे? दोनशे अठरा लाल नोंदी, एकही बदललेली नाही. लिलाववाल्या बाईंचा जाण्यायेण्याचा खर्च त्यांच्या कचेरीनं दिला असेल. मास्तरांचा चहा वर्गणीतून. पुढच्या रविवारी सगळे वेळेवर हजर होते. कुणाचंही घड्याळ दुसऱ्या दुकानात गेलं नाही.

वहिनींनी दोन्ही तुकडे त्याच तिकिटात गुंडाळले आणि उठल्या. भावाकडे पाहिलं नाही. पुढच्या दुकानात माझ्या काउंटरपाशी मात्र थांबल्या.

"भाऊजी, तुमचं पातं तुटलं ना मघाशी. किती?"

"वीस," मी म्हणालो.

त्यांनी पिशवीत हात घातला आणि मोजून सुट्टे काचेवर ठेवले. पाचाची चार नाणी. चारही खणखणीत वाजली.